तिसऱ्या पुराचा पाहुणा

संघर्षची आणि माझी भेट त्याच्या म्हशीनं घडवून आणली. पंचगंगेला पूर आलेला, नदीपलीकडची गावं रिकामी होत होती, आणि दोरीवर वाळत घातलेली माझी नवी पिवळी ओढणी कोणीतरी चघळतंय असं मला खिडकीतून दिसलं. धावत बाहेर गेले, तर दारात एक म्हैस, आणि तिच्या दाव्याच्या दुसऱ्या टोकाला नखशिखांत भिजलेला एक उंच मुलगा.

"सोडीव की ती ओढणी," मी म्हटलं.

"सोडवतो की. पर चंद्रीला रंग आवडलाय," तो म्हणाला. "पावणी हाय ती. जरा समजून घ्या."

मी अजिबात समजून घेतलं नाही. तो आणि त्याची आई आमच्याच घरी उतरले, तेव्हा जेवायला वाढताना त्याच्या ताटात मुद्दाम करपलेली भाकरी टाकली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली, माझ्याकडे बघितलं, आणि तसलीच अजून एक मागितली. तिथंच माझं काहीतरी चुकायला सुरुवात झाली.

आमची गल्ली उंचावर आहे. नदी पात्राबाहेर पडली की खालच्या गावांतली माणसं जनावरं घेऊन शहरात येतात, आणि आमच्या गल्लीत प्रत्येक घराचे पाहुणे ठरलेले आहेत. एकदा ज्या घरी उतरलं, पुढच्या पुरातही तिथंच यायचं. म्हातारी माणसं आणखी एक सांगतात — एका छताखाली तीन पूर काढले की पाहुणा पाहुणा राहत नाही, घरचा होतो. मग त्याला सगळ्यांदेखत टॉवेल-टोपी देऊन घरचा मुलगा म्हणायचं. आणि आमच्या गल्लीत एकदा म्हटलं की म्हटलं, ते कोणी मागे घेत नाही.

माझ्या आईला, आक्काताईला, मुलगा नाही. मी एकटीच. त्यामुळे संघर्ष आणि त्याची आई तानाबाई दुसऱ्या पुरात आमच्याकडे आले, तेव्हापासूनच ती त्याला 'माझा ल्योक' म्हणायला लागली. टॉवेल-टोपीसुद्धा आणून कपाटात ठेवली. मला ते कपाट उघडावंसं वाटत नसे.

त्याच दुसऱ्या पुरात एकदा तो चंद्रीला वैरण घालत होता आणि मी उगीचच तिथं उभी होते. आमच्या नावांवरून त्याला काहीतरी सुचलं.

"क्रांती आनि संघर्ष," तो म्हणाला. "आपली पत्रिका छापली, तर लोकांस्नी मोर्चाचं पत्रक वाटंल."

"कसली पत्रिका?"

"न्हाय... असंच." आणि त्यानं सगळी वैरण पाण्याच्या घमेल्यात टाकली.

मी पुढं काही विचारणार, एवढ्यात आईनं आतून हाक मारली, भाऊ-बहीण मिळून काय गप्पा मारताय म्हणून. त्याचा चेहरा पडला. माझा पडला की नाही, ते चंद्रीलाच ठाऊक.

नंतर तो गडहिंग्लजला एका डेअरीत नोकरीला लागला. सुट्टीला गावी आला की मोबाईलवर चंद्रीचे फोटो पाठवायचा, बाकी अक्षर नाही. यंदा राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, तेव्हा माझे वडील, आबा, "गेला बिचाऱ्यांचा ऊस" म्हणून हळहळले आणि मी आरशासमोर उभी होते. माझी मलाच लाज वाटली. मागच्या पुरात त्याच्या घराची मागची भिंत बसली होती, हे मला माहीत होतं. पाणी येऊ नये असं मनापासून वाटत होतं, आणि तो यावा असंही. वेणी मात्र पुन्हा घातली.

तो आला. चंद्री सवयीनं आमच्या फाटकाकडे वळली. त्यानं दावं ओढलं, तिला पुढं नेलं, आणि कोपऱ्यावरच्या साक्षीच्या घरात शिरला. तानाबाई खाली मान घालून त्याच्या मागून गेल्या. आईनं चहाचं आधण ठेवलं होतं. ते आटून गेलं तरी कोणी गॅस बंद केला नाही.

साक्षी माझी शाळेपासूनची मैत्रीण. चांगली मुलगी आहे, हे मी आज म्हणू शकते. त्या आठवड्यात म्हणू शकत नव्हते. तिला हसू फार येतं. तो काही बोलला की हसायची, नाही बोलला तरी हसायची. तो तिला धार काढायला शिकवत होता आणि चंद्रीनं तिच्या हाताला चक्क पान्हा सोडला. म्हैससुद्धा फितूर झाली. वर साक्षी आमच्याकडे येऊन, त्यो लई भारी बोलतो गं, असं सांगून गेली. त्या दिवशी आमटीत मी दोनदा मीठ घातलं, आणि आबांनी ती निमूटपणे खाल्ली.

गंमत म्हणजे आईही माझ्यापेक्षा बरी नव्हती. पडद्याच्या एका फटीतून मी बघायची आणि दुसऱ्या फटीतून ती. तिचा मुलगा पळवला होता. माझं काय पळवलं होतं, ते मला सांगताही येत नव्हतं. जळत मात्र दोघी होतो.

आमच्या उताराच्या तळाशी, पाणी जिथवर आलं असेल तिथं, मुलं एक दगड ठेवतात. दगड बुडाला की पाणी चढतंय, कोरडा राहिला की उतरतंय. संध्याकाळी मी पाणी बघायला गेले, तर संघर्ष तिथं एकटाच उभा होता. भुरभुर पाऊस होता. माघारी फिरावं असं वाटलं, पण पाय काही फिरेनात.

"काय पावणं, नवं घर मानवलं न्हवं?" मी विचारलं.

"मानवलं की. तितं भाकरी करपत न्हाईत."

"मग ऱ्हावा तितंच. साक्षीच्या हाताला गुण हाय म्हनं. धार बी काढती."

"शिकवाय लागतंय. भैन हाय ती."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"कोन भैन?"

"साक्षी. तिची आई म्हनाली, अजून दोन पूर काढ, तुला पक्का ल्योक करून टाकू." तो पाण्याकडे बघत बोलत होता. "तुमच्यात हा तिसरा झाला असता. आक्काताईनं टॉवेल-टोपी आनून ठेवलीया, मला ठावं हाय. एकदा ती डोक्यावर चढली असती, तर... तुझ्याकडं कुठल्या तोंडानं बघितलं असतं?"

इतका राग आला मला, आणि तितकाच आनंदही झाला. आठवडाभर मी त्या बिचाऱ्या साक्षीला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"आधी सांगाय काय झालतं?"

"काय सांगू? आक्काताई, मला ल्योक म्हनू नगासा, मला तुमची..."

"पुढं बोल."

"तूच बोल की. तुझी जीभ बरी चालती."

"मला तुझी भैन व्हायचंच न्हवतं," मी म्हटलं. "करपलेल्या भाकरीपासनं."

तो हसला. माझी ओली ओढणी खांद्यावरून घसरली होती. तिचं टोक त्यानं अलगद उचलून माझ्या हातात दिलं आणि हात मात्र लगेच सोडला नाही. खाली दगडापुढं वीतभर ओली जमीन उघडी पडली होती. पाणी उतरत होतं.

"आता जानार तू," मी म्हटलं.

"जानार. आधी भिंत बांधायची हाय. मग पुराबिगार येनार, आईला घेऊन."

"बांध. आनि दार उंच कर. मी वाकून आत येनार न्हाय."

दोन दिवसांनी टेम्पोत चंद्री चढली, भांडी चढली, तानाबाई चढल्या. साक्षी डोळे पुसत होती. "दादा, दिवाळीला ये हं," ती म्हणाली. दादा... इतका गोड शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी जाऊन तिच्या गळ्यात हात टाकला. तिला वाटलं, मी तिची समजूत काढतेय.

टेम्पो वळणाआड गेला. आई माझ्याशेजारी उभी होती.

"बघ, कशी दादा म्हनती," ती म्हणाली. "आपल्यात दोन पूर काढलं त्यानं. तू एकदा तरी म्हटलीस का दादा?"

"न्हाय म्हटलं."

"का गं?"

मी ओढणी तेवढी सारखी केली. नवी होती, पिवळी. सकाळीच त्यानं कागदात गुंडाळून दिली होती, यंदा चंद्रीला दाखवू नको म्हणून बजावून. आईनं ओढणीकडे बघितलं, ती काही तिनं आणलेली नव्हती. मग रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे, बराच वेळ.

ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं. मी भीतभीत मागे गेले, तर टॉवेल-टोपी मांडीवर घेऊन ती घडी नीट करत बसली होती.

"ऱ्हाऊ दे कपाटातच," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "जावयाला बी टॉवेल-टोपीच द्यायची असती."