दिसेनासा ठिपका

हिरवा म्हणजे हिरवा, त्यात काय मोठंसं, असं म्हणणाऱ्याला हैदराबादच्या चिक्कडपल्लीतले हणमंतराव चहासुद्धा विचारत नसत. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून हा माणूस दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजी लष्करी ट्रकांची वीतभर मॉडेलं करायचा. त्या ट्रकांचा रंग ना धड हिरवा, ना धड खाकी. हणमंतराव कोठीच्या बाजारातून साधा ऑइलपेंट आणत, त्यात काळा, पिवळा, किंचित तांबडा घालत घालत तो जमवत. मग ज्याचा रंग मिळवायचा त्या नमुन्यावर आपल्या रंगाचा ठिपका लावायचा आणि पुरता वाळू द्यायचा. वाळल्यावर ठिपका दिसला तर रंग चुकला, दिसेनासा झाला तर मिळाला. हैदराबादेतल्या हौशी मंडळींत अशी नजर दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि हे हणमंतरावांना चांगलं ठाऊक होतं.

मग पुण्याचा पुष्कर आला. त्या वर्षांत बाहेरचं काय काय देशात शिरत होतं, केबल, थंड पेयं, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या. पुष्करला त्याची कंपनी चक्क लंडनला पाठवायची आणि तो तिथून रंगांच्या इवल्या डब्या घेऊन यायचा. एका रविवारी तो आपण केलेलं बेडफर्ड या लष्करी ट्रकाचं मॉडेल दाखवायला हणमंतरावांकडे आला.

सुनंदाबाईंनी आजवर नवऱ्याच्या मॉडेलांवरची धूळ झटकण्यापलीकडे त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. आज त्या चष्मा लावून वाकल्या.

"किती खरा वाटायलाय हो भावजी. यांचे जरा मातकटच होतात."

परक्यांनी नावं ठेवली असती तर एक वेळ चाललं असतं. पण घरच्या बाईनं, आणि तेही त्या कालच्या पोराच्या देखत? हातातला चहा हणमंतरावांनी तसाच खाली ठेवला.

"ट्रक ठेवून जा चार दिवस," ते म्हणाले. "रंग बघतो."

पुष्कर घुटमळला. "ठेवा की. पण माझ्याशी अगदी तंतोतंत मिळवू नका. थोडा फरक राहू द्या."

"का बरं? रंग तुमच्या नावावर केलाय का कुणी?"

"तसं नाही. माझ्या एका मित्रानं मिळवला होता."

"मग?"

"कोण मित्र, ते मला आठवत नाही," पुष्कर म्हणाला आणि चप्पल घालायला लागला.

पुणेरी नखरे, दुसरं काय. तो गेल्यावर हणमंतराव तसं मोठ्यानं म्हणालेसुद्धा. पुष्करचा ट्रक उलटा करून त्यांनी त्याच्या पोटाशी ठिपका लावला. वाळल्यावर दिसला. दुसरा लावला, तोही दिसला, पण पहिल्याहून कमी.

रंग जवळ यायला लागला तशा बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. बसचा कंडक्टर तिकीट न मागता पुढे सरकायचा. सुनंदाबाई एकाच माणसाच्या पोळ्या लाटायच्या आणि हणमंतरावांनी हटकलं की दचकायच्या. "अहो, तुम्ही आत कधी आलात?" सुलतान बाजारातल्या इराण्याकडे पुष्करबरोबर बसले असताना पोऱ्यानं एकच चहा आणून ठेवला.

"मियाँ, दो बोले थे," हणमंतराव म्हणाले.

पोऱ्यानं पुष्करकडे पाहिलं. "और कोई आनेवाले हैं क्या, साब?"

पुष्करनं आपला चहा हणमंतरावांपुढे सरकवला. "झाला का हो रंग?" त्यानं हळूच विचारलं.

"होईल," हणमंतराव म्हणाले. याला घाम फुटलाय, असं मनात येऊन त्यांना फार बरं वाटलं. चहा मात्र थंडगार लागला.

शनिवारी दुपारी त्यांनी ट्रक खिडकीशी नेला. शेवटचा ठिपका सापडेना. भिंग लावून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. नव्हताच. हणमंतराव खदखदून हसले. स्वयंपाकघरातल्या सुनंदाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुलतान बाजारातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. हणमंतरावांनी पुष्करचा ट्रक टेबलावर ठेवला आणि त्याला खेटून, रात्रीतून त्याच रंगात रंगवलेला आपला. माणसं जमली.

"एकच मांडलाय, पण काय रंग साधलाय," कुणीतरी म्हणालं.

"दोन आहेत," हणमंतराव म्हणाले.

कुणी वळलं नाही.

सुनंदाबाई आल्या. ठेवणीतली साडी नेसून, हातात पर्स घेऊन. हणमंतराव टेबलाला टेकून त्यांच्या समोरच उभे होते. बघ आता, कोण मातकट ते.

"भावजी, यांचा कुठाय?" सुनंदाबाईंनी विचारलं.

पुष्करनं टेबलाकडे पाहिलं. मग हणमंतराव उभे होते तिकडे पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कुणाचा, वहिनी?"

"अहो, यांचा."

लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव असं कधी घेतलं नव्हतं. आता घ्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले.

"सुनंदा," हणमंतराव म्हणाले. "हणमंत. हणमंत म्हण."

सुनंदाबाई ओशाळून हसल्या.

"काय की बाई. कुणाचं विचारायले मी?"

हात अवघडला म्हणून त्यांनी पुष्करच्या ट्रकशेजारच्या मोकळ्या जागेवर पर्स ठेवली. ती जरा तिरकी बसली. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून सरळ केली.