समोरच्याची मान

त्याची माझी गाठ पडली ती पान सदतीसमुळे. मी घरी बसून शाळेची पुस्तकं तपासते. छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. जानेवारीतल्या एका दुपारी वारा सुटला आणि टेबलावरचं भूगोलाचं पान सदतीस खिडकीतून उडालं, ते थेट गल्लीपलीकडच्या सायकलच्या दुकानासमोर, पाण्याच्या टबात. पंक्चर शोधायला तो त्या टबात ट्यूब बुडवून बसला होता. मी धावत खाली पोचले तोवर त्याने पान उचलून एका सायकलच्या हँडलवर वाळत घातलं होतं.

“नद्यांचा धडा आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “फार काही बिघडलं नसेल.”

मला हसू आवरेना. पान वाळेपर्यंत मी त्याच्या स्टुलावर बसले. वीस मिनिटं लागली, आणि खरं सांगायचं तर ऊन जरा कमी असतं तर बरं, असं मला वाटत होतं. त्यानंतर मात्र वर्षभर जाता-येता “काय, बरं आहे ना?” याच्या पुढे आमची गाडी गेली नाही.

मी एक ब्लॉगही चालवते. लिहायला कसं शिकावं, यावर दर बुधवारी एक लेख. माझा नियम एकच: डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा, पदरचं काही घालू नका. नियम सांगितला की उदाहरण द्यावं लागतं, आणि उदाहरणासाठी मी खिडकीबाहेर बघते. बाहेर तो असायचा... त्याला मी काय करणार? लेखांत मी त्याला ‘समोरचा’ म्हणत असे.

वर्ष संपत आलं तेव्हा मी जाहीर करून बसले, की शेवटच्या बुधवारी वर्षातल्या सर्वांत जास्त वाचलेल्या दहा लेखांची यादी देणार. पहिला नंबर कुणाचा, याची मला खात्री होती. ‘संवाद कसे लिहावेत’ या लेखासाठी मी तीन आठवडे राबले होते. सोमवारी सकाळी चहा घेऊन बसले, आकडे उघडले, आणि चहा तसाच राहिला.

संवादांचा लेख एकतिसावा होता. पहिल्या दहांत सात लेख समोरच्यावरचे. आणि पहिला होता ‘कृती लिहा, कारण लिहू नका’ — मे महिन्यात अर्ध्या तासात उरकलेला. त्यात उदाहरण दिलं होतं: ‘नट आवळून झाला की समोरचा पाना खाली ठेवतो आणि मान वर करतो. काम करून मान अवघडत असावी.’

त्याखाली नऊशे प्रतिक्रिया होत्या. प्रतिक्रिया मी वाचत नाही. ब्लॉगच्या पहिल्याच महिन्यात कुणीतरी वाट्टेल ते लिहून मला रडवलं होतं, तेव्हापासून ते खातं माझ्या मोठ्या बहिणीकडे, ताईकडे आहे. पण नऊशे? मानेच्या दुखण्यावर? मी उघडून पाहिलं.

‘मान नाही हो अवघडत, तो तुमच्या खिडकीकडे बघतोय.’ ‘कारण लिहू नका म्हणता आणि स्वतःच चुकीचं कारण लिहिता?’ ‘यांना कधी कळणार, यावर आमच्या ऑफिसात पैज लागलीय.’

ताईला फोन करून विचारलं, तुला हे माहीत होतं का? ती हसतच सुटली.

“अगं, मला वाटलं तू मुद्दाम लिहितेस,” ती म्हणाली. “लग्नाला बारा वर्षं झाली, मी नवऱ्याच्या मानेकडे इतकं बघितलं नाही कधी.”

म्हणजे सगळ्यांना कळलं होतं, मला सोडून. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या मला!

पहिला धक्का ओसरला तशी भीती वाटायला लागली. एका माणसाला न विचारता मी त्याला वर्षभर हजारो लोकांसमोर मांडलं होतं. बुधवारी यादी लागली की कुणीतरी त्याला ती दाखवणारच. तो भांडला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. पण तो पुन्हा वर बघणार नाही... हे मला सोसणार नव्हतं. तो मला इतका हवा आहे, हे सोमवार सकाळपर्यंत मला ठाऊकच नव्हतं.

मंगळवारी दुपारी सातही लेख छापून घेतले आणि खाली गेले. तो उन्हात बाकावर बसून एका सायकलचं पेडल आवळत होता. त्याच्यापुढे उभी राहून मी एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक झाली, म्हणाल तर लेख काढून टाकते, यादीही देत नाही. कागद पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत.

“वाचलेत मी,” तो म्हणाला. “एका गिऱ्हाइकाने दाखवले. मार्चपासून दर बुधवारी वाचतो.”

“मग... बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतं.” त्याने बाकावर थाप मारली. “एप्रिलमध्ये तुम्ही लिहिलंत, समोरचा आत अंधारात बसतो, त्याचे हात दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी हा बाक बाहेर काढला.”

मी बाकाकडे बघतच राहिले. ‘उन्हातले हात’ हा लेख यादीत तिसरा होता.

“आणि शिट्टी?” मी घाबरत विचारलं. आवाज कसा लिहावा, हे मी त्याच्या शिट्टीवरून शिकवलं होतं.

“शिट्टी येत नव्हती मला. या गल्लीत लिहिण्यासारखा आवाज नाही म्हणालात, मग शिकलो. आठ दिवस गिऱ्हाइकं हसत होती. मान अवघडते हे वाचून आईने तर मानेचा पट्टा आणला.”

“आईसुद्धा वाचतात?”

“वाचते? प्रतिक्रिया पण देते.”

मला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. वर्षभर मी लोकांना पदरचं काही घालू नका म्हणून बजावत होते, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत पदरचं घालत बसला होता. माझ्या निरीक्षणाची पार वाट लागली होती. आता वाचकांना काय तोंड दाखवायचं?

“यातलं खरं काही होतं का?” आवाज चढवायचा होता, तो भलताच हळू निघाला.

त्याने हातातला पाना बाकावर ठेवला आणि मान वर केली. रोज खिडकीतून दिसायची तशीच. फक्त आज खिडकीच्या जागी मी होते, हातभर अंतरावर.

“हे,” तो म्हणाला. “हे मुद्दाम नव्हतं. हे पान सदतीसपासून आहे. तेव्हा मला तुमचा ब्लॉग माहीतही नव्हता.”

माझ्या हातातल्या कागदांची पार सुरळी झाली होती.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हणाले. मग दुरुस्त केलं. “तू. तू आवडतोस.”

“दुरुस्तीनंतर जास्त बरं वाटतंय,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. हे मला दुरून कधीच दिसलं नसतं.

बुधवारी यादी लागली. त्याला विचारून सातही लेख ठेवले. पहिल्या लेखाखाली मी एक ओळ जोडली: ‘दुरुस्ती — समोरच्याची मान अवघडत नव्हती. प्रत्यक्ष विचारून खात्री केली आहे.’

दुपारपर्यंत प्रतिक्रियांचा नुसता पाऊस पडतोय, असं ताईने फोनवर सांगितलं; कुठल्याशा ऑफिसात कुणीतरी पैज जिंकली होती. मला बघायला सवड नव्हती. मी खाली त्याच्या स्टुलावर बसून इतिहासाची पानं तपासत होते. नट आवळून झाला, त्याने पाना ठेवला, सवयीने मान वर करून रिकाम्या खिडकीकडे बघितलं... आणि मग आठवण झाल्यासारखा शेजारी वळला.