दार उघडावंसं वाटलं तर

तो पहिल्यांदा आला तेव्हा ती एका मशीनला मिठी मारून उभी होती.

मिठी म्हणजे अगदी मिठीच. अंगातला स्वेटर काढून तिने तो इन्क्युबेटरच्या दाराभोवती गुंडाळला होता, वरून दोन्ही हातांनी दाबून धरला होता, आणि मशीन मात्र जिवाच्या आकांताने कोकलत होतं. कंपनीचा माणूस उद्या येणार होता. उद्या! उद्यापर्यंत आतल्या पेशी गारठून मेल्या असत्या, आणि त्यांच्याबरोबर तिची तीन वर्षंही.

"मशीनला थंडी वाजतेय का?"

तिने मान वळवली. लॅबच्या दारात एक जण उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, आणि चेहऱ्यावर न आवरणारं हसू. शेजारच्या लॅबमधला फ्रीज दुरुस्त करायला आला होता, आवाज ऐकून डोकावला.

"हसताय काय? आत माझ्या पेशी आहेत!"

"मग बाजूला व्हा ना, मॅडम. बघू तर द्या मला."

ती बाजूला झाली, पण फार नाही. त्याची बोटं बटणांवरून फिरत होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

लॅबमध्ये तिला सगळे 'काळजीवाहू' म्हणायचे. काळजीवाहू सरकार निदान निवडणुकीनंतर तरी जातं, हिची काळजी जात नाही, असं तिचे सरच म्हणाले होते. घराला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत चढून ओढून बघायचं, असा सगळा प्रकार. पण या वेळची काळजी खरीच होती. ती हृदयाच्या पेशी वाढवत होती. छोट्याशा डिशमध्ये, खाद्यद्रवात बुडालेल्या त्या पेशी चक्क धडधडायच्या. कोवळ्या पेशी असतात त्या साखरेवर चालतात, मोठ्या माणसाचं हृदय मात्र मुख्यतः चरबीवर. तिला आपल्या पेशींची साखर बंद करून त्यांना चरबी जाळायला शिकवायचं होतं. साखर तोडली की त्या आधी गप्प होत. मग एकतर चरबीवर नव्याने धडधडू लागत, नाहीतर मरत. आत्तापर्यंत दोन्ही वेळा मेल्याच होत्या.

"ही शेवटची खेप," सरांनी सांगून टाकलं होतं. "गुरुवारी सकाळी बघू. नाही जमलं, तर विषय बदलू."

म्हणजे सगळं मुसळ केरात. आणि आज सोमवार होता.

कोकलणं थांबलं. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"मग ओरडत का होतं?"

त्याने पडद्यावरची तापमानाची रेघ दाखवली. ती सरळ असायला हवी होती, पण करवतीच्या पात्यासारखी खालीवर गेली होती. "हा एकेक दात म्हणजे एकेकदा दार उघडलंय. प्रत्येक वेळी आतली ऊब बाहेर. सकाळपासून अख्खी करवत तयार केलीत तुम्ही."

"मी फक्त बघते हो! डिश काढते, मायक्रोस्कोपखाली धरते, परत ठेवते... जिवंत आहेत की नाही, एवढंच—"

"बी पेरायचं आणि रोज उकरून बघायचं. उगवेल का?"

म्हणजे मागच्या दोन्ही खेपा... आपणच? इतकी काळजी घेऊन? तिने पटकन तोंड फिरवलं, पण त्याला दिसायचं ते दिसलं असावं, कारण त्याचं हसू मावळलं.

"दोष मशीनचा नाही आणि तुमचाही नाही," तो हळूच म्हणाला. "माया जरा जास्त झाली, इतकंच."

पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढून त्याने इन्क्युबेटरच्या दारावर आडवी लावली आणि तिच्यावर मार्करने लिहिलं— 'उघडू नका. फोन करा.' खाली स्वतःचा नंबर टाकला.

"दार उघडावंसं वाटलं की आधी मला फोन करायचा."

"आणि तुम्ही काय करणार?"

"उघडू देणार नाही."

"आणि मी सारखाच केला तर?"

"करा की." स्वेटर झटकून तिच्या हातात देताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मशीन वॉरंटीत आहे."

तो जिना उतरला असेल-नसेल, तोच तिने पहिला फोन लावला.

"मी... नंबर बरोबर आहे का, बघत होते."

"बरोबर आहे. हात कुठे आहे?"

तिने दारावरचा हात झटकन काढला. "कुठे नाही!"

तिच्या फोनमध्ये तो 'मशीनवाला' झाला आणि दोन दिवस त्याचा फोन वाजतच राहिला. कधी तो कुठल्याशा हॉस्पिटलच्या तळघरात असे, कधी गॅरेजमध्ये, तर कधी नुसताच बसस्टॉपवर. मागून पान्याचा खणखणाट येई आणि त्यातून त्याचा आवाज, "बोला, काय म्हणतात आपल्या पेशी?"

'आपल्या' हा शब्द तिने ऐकला. नीट ऐकला. पण ऐकलाच नाही, असं दाखवलं.

"उपाशी तर नसतील ना?" तिने विचारलं.

"खाणं दिलंयत ना, पट्टी लावायच्या आधी?"

"दिलंय, पण समोर ताट असलं म्हणून जेवता येतंच असं नाही. पेशीच्या आत बारीक बारीक चुली असतात. साखर म्हणजे काटक्या, पटकन पेटतात. चरबी म्हणजे ओंडका. तो पेटला की तासन्‌तास जळतो, पण पेटेपर्यंत... आणि हृदयाच्या पेशीला शक्ती साठवून ठेवता येत नाही हो. आत्ता बनवायची, आत्ता खर्चायची. क्षणभर चूल विझली की संपलं."

"म्हणजे हातावर पोट."

ती हसली. काळजीत असूनही खुदकन हसली. अख्खा प्रबंध तिने याच एका गोष्टीवर लिहायला घेतला होता आणि हे तिला सुचलं नव्हतं.

"आणि तुम्ही काय खाल्लंत आज?"

"चहा. आणि... बिस्किटं."

"पुन्हा काटक्याच! डबा उघडा आधी. मीही उघडतो. तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय मी घेणार नाही. आणि मला प्रचंड भूक लागलीय."

कोणीतरी आपल्यासाठी उपाशी बसलंय, या धास्तीनेच तिने भराभर जेवून टाकलं. मंगळवारी रात्री घरीही तेच. आईने फोनकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं. "कोण आहे गं तो? वर्षभर मी कानीकपाळी ओरडतेय, त्याचा उपयोग शून्य. त्याला म्हणावं, चालू ठेव."

"आई! मशीनवाला आहे तो."

"असू दे की. आपलं मशीन चालायला लागलंय ना?"

बुधवारी दुपारी मात्र भलतंच झालं. लॅबमध्ये कोणी नव्हतं. तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी फोन बंदच लागला.

ती इन्क्युबेटरसमोर उभी राहिली. हात आपसूक दारावर गेला. एकदाच... एकदाच बघितलं तर? कोण ओरडणार आहे? बोटं चिकटपट्टीवरच्या त्याच्या अक्षरावर टेकली. तो कुठे असेल? उंचावर चढला असेल का? विजेचं काम तर करत नव्हता? सकाळी म्हणाला होता, नवीन जागी जायचंय... कंटाळला का आपल्याला? कंटाळणारच. दिवसभर कोण ऐकून घेईल असली कटकट? की खरंच काही झालंय त्याला?

भानावर आली तेव्हा दारावर हात तसाच होता, दार बंदच होतं, आणि बऱ्याच वेळात तिला पेशींची आठवणही झाली नव्हती. हे लक्षात आलं आणि तिने दारावरचा हात काढून घेतला. ही काळजी वेगळीच होती. तिला तो हवा होता. फोनवर नाही, दुरुस्तीपुरता नाही. समोर, रोज. आणि उद्या गुरुवार. पेशी जगोत की मरोत, उद्यानंतर फोन करायला तिच्याकडे कारणच उरणार नव्हतं.

संध्याकाळी फोन बंद. सकाळीही बंद.

गुरुवारी सर आले. तिने चिकटपट्टी न फाडता अलगद सोडवली, दार उघडलं, डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि डोळा लावला.

काहीच नाही. सगळं शांत.

"सर..."

"थांब जरा. उबेतून बाहेर आल्यात, दम तर घेऊ दे."

ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच हात मागे बांधून नुसती थांबली. काचेवर एका कोपऱ्यात काहीतरी थरथरलं. भास असेल. पुन्हा थरथरलं. मग शेजारी, मग त्याच्याही शेजारी, आणि बघता बघता सगळा थर एका तालात धडधडू लागला. साखरेचा कण नसताना!

सरांनी बराच वेळ पाहिलं. "पेटला की गं ओंडका!" म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर टपली मारून ही बातमी सगळ्या मजल्याला सांगायला गेले.

तिला रडू येत होतं, हसू येत होतं, आणि सांगायला एकच माणूस हवा होता. तिने फोन हातात घेतला तेवढ्यात तोच वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो?"

"मला..." पलीकडे धाप लागली होती. "मला दार उघडावंसं वाटतंय."

ती स्टुलावरून उठलीच. "कुठे होतात तुम्ही? फोन बंद, पत्ता नाही... मला काय काय वाटलं माहितीये?"

"फोन पाण्यात पडला. टाकीत वाकलो होतो, खिशातून गेला बुडुक्‌कन. हा वॉचमनकाकांचा आहे. ते शेजारीच उभे आहेत आणि माझ्याकडे संशयाने बघतायत."

"आणि माझा नंबर?"

"इतक्या वेळा आलाय की पाठ झालाय. आणि पेशी?"

"धडधडतायत."

पलीकडून सुटकेचा लांब श्वास आला.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला. "आजपासून तू फोन करणार नाहीस म्हणून. मशीन तर ठणठणीत आहे... मला यायला काही कारणच नाही. तरी आलोय. तुझ्या लॅबच्या दाराबाहेर उभा आहे. आत काय होईल माहीत नाही, म्हणून नियमाप्रमाणे आधी फोन केला."

तो 'तू' म्हणाला होता. बोलण्याच्या भरात त्याच्या लक्षातही आलं नसावं.

तिने दाराकडे पाहिलं. धुरकट काचेमागे एक सावली होती, कानाला फोन धरलेली, आणि तिच्या मागे आणखी एक, कंबरेवर हात ठेवलेली. तिचं हृदय इतक्या जोरात धडधडत होतं की त्याला फोनमधून ऐकू जाईल, असं तिला वाटलं.

"थांब," ती म्हणाली. "उघडू नकोस."

सावली एक पाऊल मागे सरकली.

"मी उघडते."