कुरडयांवर उतरलेला तपासनीस

“पृथ्वीवरच्या समस्त जीवांनो, ऐका! तुमच्या सूर्याचा अंत जवळ आला आहे!”

एवढं भारदस्त वाक्य बोलून आकाशातून उतरलेल्या पाहुण्याने पहिलं पाऊल टाकलं, ते थेट चिकाच्या पातेल्यात. पाहुण्याला पाय होते सहा. चूक लक्षात येईपर्यंत सहाही पाय मोज्यांसकट आत जाऊन आले.

“अहो, मी खात होते तो चीक!” सावनी ओरडली. “आणि आता कुरडयांवर उभे राहू नका!”

ही गोष्ट सन २०६४ च्या मे महिन्यातली, यावलमधल्या एका गच्चीवरची. सकाळी घातलेल्या दोनशे कुरडया अर्ध्या वाळल्या होत्या. कावळे हाकलायला यंत्रमानव आणला होता, पण चार दिवसांत त्याची कावळ्यांशी मैत्री झाली. म्हणून अकरा वर्षांची सावनी राखणीला बसली होती. सूर्य नुकताच लिंबामागे बुडाला होता.

“मी तारा-तपासनीस,” पाहुणा म्हणाला. “स्वाती ताऱ्याकडून आलो. तुमच्या रेडिओच्या लहरी सदतीस वर्षं प्रवास करून आमच्याकडे पोचतात, त्यावर मी मराठी शिकलो. कमाल तापमान त्रेचाळीस अंश सेल्सिअस. बाजरीचे भाव स्थिर.”

“बरं,” सावनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

“माझ्या वाहनाला खिडकी नाही. आता उतरताना मी तुमचा सूर्य पहिल्यांदा पाहिला. नारिंगी, फुगलेला, मलूल! अगदी आमच्या स्वातीसारखा. म्हणजे तो म्हातारा झाला. अहवाल अर्ध्या तासात जाईल. उद्या पहाटे वाहनं येतील आणि सगळ्यांना दुसऱ्या ताऱ्याकडे हलवतील. माणशी एक पिशवी.”

“आणि कुरडया?”

“ओले पदार्थ चालत नाहीत.”

सावनीने गच्चीवरून खाली पाहिलं. घर, शाळा, लिंबाचं झाड, हे सगळं एका पिशवीत कसं बसणार? ती जिन्याकडे तोंड करून ओरडली, “आत्या गं! लवकर ये, सूर्य संपला म्हणतायत!”

प्रमिलाआत्या पाखडायचं सूप घेऊन वर आली. चाळीस वर्षं तिने दुर्बिणींबरोबर काढली होती. निवृत्त झाल्यापासून तिला तारे कुणी विचारत नसे, कुरडया मात्र सगळे विचारत. तिने आधी पाहुण्याचे पाय पाहिले.

“आधी मोजे काढा आणि धुवा. चीक सुकला तर कातडीसकट निघेल.”

पाहुणा निमूटपणे गच्चीतल्या नळाखाली मोजे धुऊ लागला. दोन धुतो, तोवर चार राहतात, अशी त्याची गत.

“आत्या, खरंच म्हातारा झाला का गं सूर्य?”

“तू लोहाराची सळई पाहिलीयस ना? तापवली की आधी लाल होते, मग नारिंगी, मग पिवळी, मग पांढरी. ताऱ्यांचंही तसंच. नारिंगी तारा वरून कमी तापलेला, पांढरा जास्त, निळसर त्याहून जास्त.”

“पण आपल्या न्हाणीघरात निळा नळ गार पाण्याचा असतो!”

“नळ प्लंबरने रंगवलेत गं, ताऱ्यांनी नाही.”

सावनीचा गोंधळ कमी झाला नाही, फक्त त्याची जागा बदलली. “मग यांचा नारिंगी स्वाती सूर्यापेक्षा गार. तरी मागे तूच म्हणालीस की तो सूर्याच्या शंभरपटींहून जास्त उजेड देतो. गार असून जास्त कसा देईल?”

“एक पांढराशुभ्र निखारा चिमट्यात धर आणि शेजारी अंगणभर नारिंगी निखारे पसर. ऊब कुठे जास्त? स्वाती सूर्याच्या पंचवीसपट रुंद आहे. प्रत्येक तुकडा थोडा गार, पण तुकडे किती!”

“इतका जाडा का झाला तो?”

“म्हातारपण!” पाहुणा नळाखालून म्हणाला. त्याच्या आवाजात घरच्या आजारपणाचा सूर होता.

“ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजन (सगळ्यात हलका वायू) असतो,” आत्या सांगू लागली. “तोच त्याचं सरपण. गाभ्यातलं सरपण संपलं की गाभा आकसतो आणि आणखी तापतो. त्या धगीने बाहेरचे थर फुगतात. फुगले की पसरतात, पसरले की वरून निवतात. म्हणून रंग नारिंगी. अशा ताऱ्याला राक्षसी तारा (म्हातारपणी फुगलेला तारा) म्हणतात. आपल्या सूर्याजवळ अजून पाचशे कोटी वर्षांचं सरपण आहे.”

“पण तो आज नारिंगी होता,” पाहुणा म्हणाला. “मी डोळ्यांनी पाहिला. पाचही डोळ्यांनी.”

“तो रोज संध्याकाळी होतो!” सावनी म्हणाली.

“रोज म्हातारा होतो आणि सकाळी तरुण? असा रकाना माझ्या तक्त्यात नाही.”

“तुमच्याकडे मावळताना कसा दिसतो तारा?” आत्याने विचारलं.

“दिसतो तसाच दिसतो. आमच्या ग्रहावर वर हवाच नाही. आम्हाला ती घरात डब्यातून मिळते.”

“तिथेच घोटाळा झाला. मावळत्या सूर्याचा उजेड आमच्या हवेच्या जाड थरातून तिरका येतो. वाटेत निळा उजेड चहूकडे उधळला जातो. याला प्रकीर्णन (प्रकाश विखुरणं) म्हणतात. उरतो तो नारिंगी. रंग बदलतो आमची हवा, सूर्य नव्हे.”

बोलता बोलता अंधारलं होतं. पाहुण्याने मनगटाकडे पाहिलं. “ऐकीव माहिती अहवालात चालत नाही. पुरावा हवा. चार मिनिटं उरली.”

“सकाळपर्यंत थांबा की!” आत्या म्हणाली.

“सकाळी वाहनं येतील.”

आत्याने पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य तर बुडालेला. आता त्याचा खरा रंग दाखवायचा कुठून? सावनीने हताश होऊन मान वर केली. डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र होता, खोबऱ्याच्या वाटीसारखा पांढरा.

“आत्या, चंद्राला स्वतःचा उजेड नसतो ना?”

“नसतो. तो सूर्याचाच उजेड परत—” आत्याच्या हातातलं सूप पडलं. “शाब्बास, पोरी!”

“बघा ना!” सावनीने पाहुण्याचा ओला हात धरला. “सूर्य खरंच नारिंगी झाला असता, तर चंद्रही नारिंगी दिसला असता!”

“तो उजेड शिळा असेल.”

“फार तर साडेआठ मिनिटं शिळा,” आत्या म्हणाली. “आणि डोक्यावरून येतो, हवेच्या पातळ थरातून. आता तुमचं घर पाहू. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्या.”

पूर्वेकडे, बऱ्याच उंचावर, स्वातीचा नारिंगी ठिपका लुकलुकत होता. क्षितिजापासून इतका वर असूनही नारिंगी, म्हणजे रंग त्याचा स्वतःचाच.

पाहुण्याचे पाचही डोळे चंद्राकडून स्वातीकडे आणि स्वातीकडून चंद्राकडे फिरले. मग त्याने मनगटावर काहीतरी पुसलं आणि नव्याने लिहिलं. “सूर्य धडधाकट. हलवाहलव रद्द. गोंधळाचे कारण: हवा.”

सावनीने सोडलेल्या श्वासाने दोन कुरडया हलल्या.

“हा स्वातीचा उजेड निघाला, तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते,” ती हळूच म्हणाली. “पाचशे कोटी वर्षांनी आपला सूर्य असाच होईल. तेव्हा कुठल्यातरी गच्चीवरून कुणी त्याच्याकडे असंच बघेल ना, आत्या?”

“बघेल की. तोवर आपण दुसरी गच्ची नक्की शोधू.”

तिघं वर बघत राहिली. पाहुण्याने घसा खाकरला. आता तो विश्वाबद्दल काही मोठं बोलणार, असं सावनीला वाटलं.

“उद्या ऊन नक्की आहे म्हणता,” तो म्हणाला, “तर मग हे मोजे तुमच्या दोरीवर वाळत घालू का? चिमटे मात्र सहा लागतील.”