नव्या बंदुकीचा पहिला दिवस

सकाळी साडेसातला फोन आला. नाकाडोंगरीच्या पुढे, नाल्यापलीकडच्या बांबूच्या रानात एक बिबट्या फासात अडकला होता. रानडुकरासाठी कोणीतरी लावलेल्या क्लचवायरच्या फासात त्याची कंबर सापडली होती. त्याला बेशुद्ध करायचं, तार कापायची आणि जिवंत बाहेर काढायचं, हे आमचं काम. उशीर झाला तर तार पोटात रुतणार, नाहीतर खुंटा उपटून तो तारेसकट पळणार आणि कुठेतरी तडफडून मरणार!

आम्ही तिघं निघालो. पशुवैद्यक डॉ. संघपाल रामटेके, वनमजूर आसारामभाऊ आणि मी, वनरक्षक दुर्गा. माझ्या खांद्यावर नवी कोरी डार्टची रायफल होती. गोळीऐवजी औषधाची सुई मारणारी ही बंदूक परवाच आली होती आणि आज सकाळपर्यंत पेटीतच होती. ती चालवायचं प्रशिक्षण घेतलेली आमच्या रेंजमध्ये मी एकटीच. पेटीची किल्लीसुद्धा मी दुसऱ्याच्या हाती देत नव्हते.

"दोन रिकाम्या डार्ट मारून पाहू काय?" निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं.

"कायले सर? ट्रेनिंगमध्ये अशीच चालवली मी. वीसपैकी एकोणीस निशाणे!"

जीप नाल्याशी थांबली. पुढची वाट पायीच. आसारामभाऊ कुऱ्हाडीने फांद्या बाजूला करत पुढे चालला होता. पन्नाशीचा हा ढिवर गडी तलावातली मासेमारी करता करता वनखात्याच्या रोजंदारीवर आला होता. जुनी फुंकनळी त्याने पोत्यात गुंडाळून पाठीला बांधली होती. माणसापेक्षा लांब अशी ती अॅल्युमिनियमची नळी. तिच्यातूनही डार्ट मारता येते, पण फक्त जवळून.

शेवाळलेल्या दगडांवरून नाला ओलांडताना डॉक्टरांचा पाय घसरला. ते सावरले, पण औषधाचा डबा डोहात गेला! काळंशार पाणी, तळ दिसत नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहतोय तोवर आसारामभाऊने पाठीचं पोतं काठावर ठेवून बुडी मारली होती. पाणी स्थिर झालं. मी मनात आकडे मोजू लागले. साठ झाले, सत्तर झाले. मग एकदम पाणी फुटलं आणि त्याचं डोकं वर आलं.

"झाकण पक्कं हाये सर," तो म्हणाला. त्याला धापही लागली नव्हती.

अर्ध्या तासाने बिबट्या दिसला. तरणाबांड नर! तारेने त्याला एका खुंट्याशी जखडलं होतं, भोवतीची माती त्याने उकरून काढली होती. आम्हाला पाहताच त्याने दात विचकले आणि तार ताणली. खुंटा हलला!

वीस मीटरवरून मी नेम धरला. मांडी समोर होती. श्वास रोखला. चाप ओढला.

फुस्स!

डार्ट माझ्यापासून चार हातांवर गवतात पडली. बिबट्याने उसळी मारली. मी घाईने गॅसचा सिलिंडर बदलला. दाबाचा काटा चढला आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. कोऱ्या करकरीत बंदुकीच्या सांध्यातून हवा सुटत होती.

"मी सांधा हातानं दाबून धरते सर, तुम्ही चाप ओढा!"

"नाही!" डॉक्टरांनी माझा हात बाजूला केला. "आतमध्ये गॅस कोंडला तं तोंडावर फुटन. ठेव खाली."

मी बंदूक रिकामी करून खाली ठेवली. सकाळी न मारलेल्या दोन रिकाम्या डार्ट आठवल्या आणि मान वर होईना. माझ्या ऐटीपायी त्या जनावराचा जीव जाणार होता.

डॉक्टरांनी फुंकनळी उचलली, अंतर पाहिलं आणि थांबले. "माही फूक सहा मीटर जाते. तेवढ्यावर तं त्याची झेप येते."

"मी मारू काय सर?" आसारामभाऊ म्हणाला. "लाखनीचं पिसाळलेलं माकड म्याच पाडलं होतं नं."

"इथं दहा मीटरवरून मारणं हाये, आसाराम."

"हाये तं हाये."

मी पानांची एक मोठी फांदी तोडली आणि ती आडोशाला धरून त्याच्यासोबत निघाले. गुडघ्यांवर. एकेक वीत. बिबट्याच्या घशातली घरघर जमिनीतून हाताला जाणवत होती. दहा मीटरवर आसारामभाऊ थांबला. त्याची छाती हळूहळू भरत गेली. गालही हलले नाहीत. फट्! डार्ट मांडीत!

बिबट्या उलटा फिरला, सगळा जोर लावून उसळला आणि खुंटा उपटला!

आता आमच्यात आणि त्याच्यात फक्त माझ्या हातातली फांदी होती.

"हालू नका मॅडम. डोये खाली," आसारामभाऊ कुजबुजला. "त्याले जाऊ द्या."

औषध चढायला आठ-दहा मिनिटं लागतात. बिबट्या दोन पावलं आमच्याकडे आला. माझ्या हातातली फांदी खाली कलू लागली. आसारामभाऊने एक बोट लावून ती स्थिर केली. मग बिबट्या वळला. फरफटणारा खुंटा बांबूच्या बेटात अडकला. बिबट्याने दोन झटके दिले, खाली बसला आणि हळूच डोकं पंजांवर टेकलं.

डॉक्टरांनी तार कापली. "कातडीच कापली गेली आहे, पोट शाबूत आहे!" ते म्हणाले. आम्ही तिघांनी त्याला झोळीत घालून नाल्यापर्यंत वाहून आणलं. उपचारांनी जखम भरल्यावर नवव्या दिवशी पिंजऱ्याचं दार उघडलं, तेव्हा तो मागे वळूनही न पाहता रानात शिरला.

त्या दिवशी आमचे रेंजर साहेब फोटोग्राफर घेऊन आले होते. "दुर्गा, नवी बंदूक घेऊन उभी राहा. पेपरले फोटो देऊ."

"साहेब, ती बिघडलेली निघाली. न तपासता नेली, ती चूक माही. तसं रिपोर्टमध्ये लिहिलं आहे. बिबट्या आसारामभाऊनं वाचवला. फोटो त्याचा काढा."

आसारामभाऊ जीपमागे लपत होता. मी त्याला हाताला धरून पुढे आणलं. माझ्या एकोणीस निशाण्यांचा कधी वाटला नव्हता इतका अभिमान मला त्या वेळी वाटला.

पेपर घेऊन मी स्वतः त्याच्या घरी गेले. त्याची बायको बेबीबाई चुलीपुढे बसली होती, डोळ्यांत धूर गेलेला. तिने फोटो पाहिला, पदराने पुसला, पुन्हा पाहिला.

"काहून हो," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "जंगलात वाघरापुढं एवढी फूक मारता, आन् तीस वर्सात माह्या चुलीत एक फूक नाही मारली?"

आसारामभाऊ हसत हसत चुलीपुढे बसला आणि बेबीबाई तो पेपर शेजारणीला दाखवायला धावत निघाली.