आधी विचारा, जवळ कोण आहे

सम्यक मला पहिल्यांदा दिसला तो पडद्यावर, आणि तोही कपाळापुरता. दिवा स्टेशनाजवळच्या संस्थेच्या नेहमीच्या ताई आजारी पडल्या, म्हणून माझ्या ऑनलाइन वर्गाला ऐन वेळी हा आला होता, आणि पुढे हाच येत राहिला.

"कॅमेरा जरा खाली घ्या. मुलांना तुमचा पंखा दिसतोय," मी म्हटलं.

"पंखा बरा दिसतो, मॅडम. माझी गॅरंटी नाही."

कॅमेरा खाली आला. गॅरंटी द्यायला काहीच हरकत नव्हती…

मी कोपरीतल्या घरून समाजकार्याच्या मुलांना क्षेत्रकार्य शिकवते. मुलं गावोगावची. ती दिव्यातल्या कुटुंबांना फोन करतात, आणि शनिवारी आम्ही दोघं ऑनलाइन त्यांचा सराव घेतो. माझा एक नियम आहे. फोन लागला की आधी विचारायचं, "आत्ता बोलणं सोयीचं आहे का? जवळ कोण आहे?" सासू शेजारी असताना सून काय कप्पाळ बोलणार! नियम चुकला की मी ऑनलाइनही कान पिरगाळते.

सरावात सम्यक सून व्हायचा. अशी लाजायची त्याची सून, की मुलं हसून लोळायची. वर्ग सुटला की 'पाचच मिनिटं' म्हणून आम्ही दोघं उरायचो.

"आज कमी ओरडलात, मॅडम. बरं नाही का?"

"सुनेवर ओरडत नाही मी."

"मग सूनच राहतो…"

मी घाईनं कॅमेरा बंद केला. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायला लागला होता.

आणि एका रविवारी त्याचा मेसेज आला. नागपूरच्या संस्थेत बोलावलंय, आजच कळवायचंय, मुलांना तुम्ही सांगाल का?

मुलांना! मला सांगायचं राहिलंच. माझं डोकं सणकलं. मी फोन लावला आणि पलीकडून उचलताच सुरू झाले.

"सम्यक, नागपूरला जाऊ नका. मुलांसाठी नाही, माझ्यासाठी. तुम्ही आवडता मला. शनिवारची वाट मी सोमवारपासून बघते… झालं, बोलले!"

पलीकडे पाण्याची धार. मग एक बाई हसली, तिच्यामागून चार-पाच.

"मॅडम… नियम," सम्यक हळूच म्हणाला.

"जवळ… कोण आहे?"

"टँकरची अख्खी लाईन. माझ्या हातात हंडे आहेत, फोन आईकडे. स्पीकरवर."

"ठेवू नको गं पोरी," त्याची आई, भीमाबाई, म्हणाली. "शनिवार आला की हा इस्त्रीचा शर्ट घालतो. मला वाटलं, शिकवायला. बोल रे तिला, लाईन थांबलीय!"

"नाही जात," सम्यक सगळ्यांसमोर म्हणाला. "तुम्ही… तू नको म्हणतेस का, तेच बघायचं होतं. मलाही तू आवडतेस, निशिगंधा." लाईनीत शिट्टी वाजली. "आता मी विचारतो. तुझ्याजवळ कोण आहे?"

मी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात बाबा चहाचा कप घेऊन उभे होते. किती वेळ, देव जाणे; माझाही फोन स्पीकरवरच होता.

"बाबा," मी कसंबसं म्हटलं.

"विचार त्यांना, घरी येऊ का?"

बाबांनी चहाचा घोट घेतला.

"ये म्हणावं," ते म्हणाले. "पण आधी पाणी भर म्हणावं, टँकर जाईल."