अवनी मराठी बोलायला लागली

रुद्र आणि शमिका उल्हासकाकांकडे आले होते ते डाखबॉक्स मागायला. गाडीच्या टपावर लावायची ती सामानाची लांबोडकी पेटी काकांच्या तळघरात कित्येक वर्षं पडून होती, आणि ईस्टरच्या सुट्टीत या दोघांना गाडीनं माँटेनेग्रोला जायचं होतं. स्टुटगार्टच्या चढावरच्या त्या घरात चहा झाला, चिवडा झाला. बाहेर अंधार पडला, खाली दरीतले दिवे लागले. काका काही उठायचं नाव घेईनात.

"पेटी देतो की," ते म्हणाले. "जाऊन या. सकाळी समुद्रात डुंबावं आणि संध्याकाळी डोंगरात शेकत बसावं, असा देश आहे तो. फक्त एक करा. डोंगरात धुकं उतरलं, तर कुणाला नावानं हाक मारू नका."

शमिका हसली. "काका, तिकडेही हाकामारी असते का?"

काका हसले नाहीत. उठून त्यांनी मोठा दिवा घालवला, कोपऱ्यातला लहान तेवढा ठेवला.

"गौरांगला तुम्ही ओळखत नाही. माझ्या हाताखाली होता, मग इंगोलश्टाटला गेला. त्याची गोष्ट आहे. त्यानंच सांगितली मला, रुद्र, तू बसलायस त्याच खुर्चीत बसून."

आणि काकांनी गोष्ट सांगायला घेतली.

गौरांग गाडीतून लेकीचं जॅकेट आणायला गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. दोन हजार चौदाचा ऑगस्ट संपत आला होता. तो, बायको अपूर्वा आणि पाच वर्षांची अवनी असे तिघं सुट्टीला माँटेनेग्रोला गेले होते. आधी कोटोरच्या खाडीवर चार दिवस काढले. अवनी पाण्यातून बाहेर यायला तयार नसायची. मग वळणावळणाच्या रस्त्यानं वर दुर्मितोरच्या डोंगरात आले. लाकडी घर, खाली कुरण, जंगलात एक तळं. सकाळी ऊन होतं म्हणून नुसत्या टी-शर्टवर फिरायला निघाले, आणि तळ्यापाशी पोचेपर्यंत हवा फिरली. अपूर्वा म्हणाली, "गौरांग, हिचं जॅकेट घेऊन ये ना गाडीतून." तो गेला.

आता अवनीबद्दल एक सांगायला हवं. पोरगी इंगोलश्टाटचीच. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून यायची ती जर्मन. सांगलीहून लतिकाआजी स्काइपवर विचारायची, "जेवलीस का गं बाळा?" ही म्हणायची, "या, शोन." म्हणजे हो, झालं. आजी बिचारी अपूर्वाच्या तोंडाकडे बघायची. अपूर्वानं गोष्टी वाचल्या, गाणी लावली, रुसून पाहिलं. पोर ऐकायची सगळं, आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. बापाला 'बाबा' सुद्धा कधी म्हणाली नाही. पापा.

तर गौरांग जॅकेट घेऊन परत आला, तोवर तळं दिसेनासं झालं होतं. धुकं असं की हातातलं जॅकेट तेवढं दिसावं. अपूर्वाचा आवाज आला. तो आवाजाच्या दिशेनं धावला.

"इथेच होती रे. मी फोटो काढत होते. इथेच होती."

दोघं हाका मारायला लागले. काठाकाठानं, झाडांत. "अवनी, ए अवनी! कुठे आहेस गं? अवनी, बाबा आलेत बघ!" घशाला कोरड पडेपर्यंत. गाड्या लावायच्या जागेवरचा म्हातारा राखणदार आवाज ऐकून आला. तो तरुणपणी इकडेच, मानहाइमला कामाला होता, त्यामुळे त्याला जर्मन येत होतं. त्यानं गौरांगचा दंड धरला. म्हणाला, "हाका मारू नका. गप्प उभे राहा. पोर पाण्याचा आवाज ऐकत येईल. हाका मारू नका."

आपल्याकडे म्हणतात ना, रात्री कुणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये. तिकडच्या लोकांचं उलट आहे. ते म्हणतात, आपण मारलेली हाक कोण ऐकतंय ते आपल्याला माहीत नसतं.

पण आईबाप गप्प कसे बसणार? अपूर्वा आणखी जोरात ओरडली, "अवनी!"

आणि धुक्यातून उत्तर आलं. अगदी जवळून.

"इथे आहे मी."

अवनी झाडांमधून चालत आली. रडलेली नव्हती, भिजलेली नव्हती. अपूर्वानं तिला कवटाळलं, गौरांगनं जॅकेट घातलं. राखणदार मात्र खाली बसला आणि त्यानं तिला जर्मनमध्ये नाव विचारलं. ती गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, ही भाषा कानांवरून कधीच गेली नसावी तशी. म्हातारा उठला. गौरांगला म्हणाला, "ही तुमचीच ना?"

गौरांगला राग आला. "म्हणजे काय? आमचीच." बोलून गेला तो.

त्या रात्री अपूर्वा आनंदानं रडली. मुलगी मराठी बोलली होती. "घाबरली ना, म्हणून आतून आपली भाषा आली," ती म्हणाली. गौरांगलाही ते पटलं. हात तेवढे गार होते पोरीचे. डोंगरातली हवा, तो म्हणाला.

घरी आल्यावर कौतुकच कौतुक. लतिकाआजीला स्काइपवर पोरगी म्हणाली, "आजी, जेवलीस का गं?" आजीनं डोळ्यांना पदर लावला. रोज नवीन शब्द. आईबाप बोलतील ते ती उचलायची, दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडात असायचं. मग किंडरगार्टनमधून बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "अवनी कुणाशी बोलत नाही. आम्ही बोलतो ते तिला कळत नाहीये. एक शब्द कळत नाही." डॉक्टर झाले. त्यांनी कान तपासले, चित्रं दाखवली. धक्का बसलाय, वेळ द्या, म्हणाले.

गौरांगनं एकदा तिला विचारलं, "अवनी, तळ्याकाठी कुठे गेली होतीस गं?"

ती म्हणाली, "तुम्ही बोलावलंत ना?"

एवढंच. रात्री गौरांग तिच्या अंगावर पांघरूण घालायला जायचा, आणि दारातूनच परत फिरायचा. कारण तिचे डोळे उघडे असायचे. हात गारच होते. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, हात गारच. अपूर्वाला बोलून दाखवलं, तर ती तुटून पडली. "इतकी वर्षं वाट पाहिली मी. आता लेक माझ्याशी बोलतेय, तर तुला तेही बघवत नाही."

एक नोव्हेंबर उजाडला. शनिवार होता. बव्हेरियात त्या दिवशी आलरहायलिगन असतं, लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर लाल दिवे लावतात. गौरांगच्या खिडकीतून गल्लीच्या टोकाचं कब्रस्तान दिसायचं. संध्याकाळपासून तिथे लाल ठिपके वाढत होते. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जेवणं झाली होती. अपूर्वा भांडी लावत होती. अवनी जमिनीवर बसली होती. काही करत नव्हती. बसली होती.

बेल वाजली. खालच्या दाराची.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दाराशेजारी भिंतीवर तो फोन असतो ना, खाली कोण आहे ते विचारायचा, आणि दार उघडायचं बटण. गौरांगनं फोन उचलला. म्हणाला, "या, बिटे?" म्हणजे कोण आहे.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग श्वास. लहान माणसाचा, धापा टाकल्यासारखा.

"पापा?"

काका इथे थांबले. शमिकानं चहाचा रिकामा कप दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"पापा, माख आउफ," तो आवाज म्हणाला. दार उघडा, पापा. "मिअर इस्ट काल्ट." थंडी वाजतेय मला.

गौरांगनं मागे वळून पाहिलं. अवनी जमिनीवर बसलेली होती. त्याच्याकडे बघत होती.

आवाज तोच होता. तो ओळखणार नाही? सर्दी झाली की तिच्या 'प'चा 'ब' व्हायचा, तो सुद्धा तोच. कानाला "बाबा" वाटावं, पण "बाबा" नव्हतं ते. सर्दीतला "पापा" होता.

त्याचं बोट बटणाकडे गेलं.

"नको उघडूस, बाबा."

ती उठून त्याच्याजवळ आली होती. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. गार... आणि जड. लहान मुलाचा हात एवढा जड नसतो.

अपूर्वा स्वयंपाकघरातून आली. "कोण आहे?"

त्यानं फोन तिच्यापुढे धरला. तिनं कानाला लावला. ऐकलं. तिचा चेहरा... गौरांग मला म्हणाला, काका, तो चेहरा मी सांगू शकत नाही.

खाली रडणं सुरू झालं होतं. लहान मूल खूप रडून दमल्यावर रडतं तसं, बारीक हुंदके देत. ते त्या फोनमधून ऐकू येत होतं. "माम्मा..." मग काही नाही. मग परत.

"अपूर्वा, मी उघडतो."

"नाही."

"ती खाली आहे अगं."

"आपली अवनी घरात आहे." अपूर्वानं पोरीला मागून धरलं, घट्ट. "घरात आहे ती. मी पुन्हा नाही हरवणार हिला."

"ऐकलंस ना तू?"

"मी काही ऐकलं नाही."

फोन लोंबकळत होता. त्यातून आवाज आला. सावकाश. शब्द शोधत, एकेक उचलून पुढे ठेवत...

"बाबा... मी... आहे."

मराठीत. तोडकं, सगळे उच्चार जर्मन वळणाचे. पाच वर्षांत जे कधी बोलली नाही, ते ती बोलली. कदाचित तिला वाटलं असेल, मराठीत बोललं नाही म्हणून दार उघडत नाहीत.

गौरांगनं बटण दाबायला हात उचलला. मनगटावरचा तो गार हात सुटला नाही. त्यानं जोर लावला. पाच वर्षांची पोर... त्याचा हात हलला नाही.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही.

मग फोनमध्ये नुसता वारा राहिला. आणि मनगटावरचा हात सुटला. ती परत जमिनीवर जाऊन बसली.

तो धावत खाली गेला. पायांत चपला नाहीत. दार उघडलं. गल्ली रिकामी. टोकाला लाल दिवे. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्याला तो म्हातारा आठवला. नाव घशातच राहिलं. तो नुसता चालत राहिला, कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत, नदीपर्यंत, पहाटेपर्यंत. हाक मारली नाही. हाक मारली नाही म्हणून ती आली नाही की काय, हे त्याला अजून माहीत नाही.

परत आला तेव्हा उजाडत होतं. दारापाशी, बेलच्या बटणांखाली, दगड ठेवलेले दिसले. तीन. चपटे, काळे, एकावर एक. ओले होते. असे दगड त्या तळ्याकाठी होते, इंगोलश्टाटमध्ये कुठे मिळत नाहीत. बेलचं बटण उंचावर होतं. दगडांवर चढल्याशिवाय पाच वर्षांच्या मुलाचा हात तिथवर पोचला नसता.

पुढल्याच आठवड्यात तो एकटा गाडी घेऊन त्या तळ्यावर गेला. तिथे बर्फ पडलेला होता. राखणदार भेटला नाही, त्याची टपरी हिवाळ्यासाठी बंद होती. गौरांग काठावर बसून राहिला आणि परत आला. दुसरं काय करणार? पोलिसांत जाऊन सांगणार काय? पोरगी घरात होती. कागदोपत्री होती, खाटेवर होती, आजीशी स्काइपवर बोलत होती.

अपूर्वा म्हणाली, घर बदलू, पुण्याला परत जाऊ. तो ऐकेना. घर बदललं, तर ती येणार कुठे?

रुद्र खुर्चीत पुढे सरकला. "मग? परत आली?"

"गेल्या वर्षी," काका म्हणाले. "एक नोव्हेंबर, रविवार. थंडी पडली म्हणून त्या सकाळी अपूर्वानं माळ्यावरून आदल्या हिवाळ्यातले बूट काढले, अवनीला होतात का बघायला. बरोबर बसले. फ्रॉकही बसले. वर्षभरात पोर बोटभरही वाढली नव्हती. अपूर्वा बूट हातात घेऊन बसून राहिली."

संध्याकाळी गौरांग खाली गेला आणि दाराबाहेरच उभा राहिला. पाठ भिंतीला लावून, बेलच्या बटणांशेजारी. दार विटा लावून उघडं ठेवलं होतं. आता कुणी त्याचा हात धरणार नव्हतं. धुकं होतं. टोकाचे लाल दिवे दिसत होते, मग दिसेनासे झाले. तो जागचा हलला नाही. कुणी आलं नाही. पावलाचा आवाज नाही, श्वास नाही.

त्याच्या खिशातला फोन वाजला. अपूर्वा होती. कुजबुजत बोलत होती.

"गौरांग... बेल वाजतेय."

त्यानं शेजारच्या बटणांकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

मग त्यानं खाली पाहिलं. काळे, चपटे, ओले दगड.

या वेळी दोनच होते.